हत्तीचे अनेकवचन : कृष्णधवल छायाचित्रांतील कळप आणि त्याचे वाचन

मराठीत 'हत्ती' हा शब्द एकवचनात आणि अनेकवचनात एकच रूप घेतो. 'हत्ती आला' आणि 'हत्ती आले' या दोन वाक्यांतला फरक क्रियापदाने सांगितला नाही, तर नामावरून कळत नाही. ही व्याकरणातली क्षुल्लक बाब म्हणून सोडून देता येईल. परंतु मराठीतील म्हणी, वाक्प्रचार आणि आख्याने तपासली, तर असे आढळते की, आपल्या वाङ्मयीन कल्पनेतला हत्ती खरोखरच एकटा आहे. दारी झुलतो तो एक हत्ती. खायचे दात आणि दाखवायचे दात वेगळे असतात तो एक हत्ती. जो गेला आणि ज्याचे शेपूट राहिले तोही एकच. सात आंधळे ज्याला चाचपतात तोही एकच. ज्ञानेश्वरीच्या आरंभी गजमुखाच्या रूपाने जी वाङ्मयमूर्ती उभी राहते, तीही स्वभावतः एकमेव आहे. हत्तींचा कळप मात्र या सगळ्या परंपरेत फारसा कुठे भेटत नाही.

विसाव्या शतकात दक्षिण भारतातील जंगलांत हत्तींच्या कळपांची जी कृष्णधवल छायाचित्रे घेतली गेली, त्यांनी या एकवचनी प्रतिमेला कोणते आव्हान दिले, हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. छायाचित्राकडे येथे साहित्याचे 'चित्ररूप पूरक' म्हणून पाहिलेले नाही. स्वतःची रूढी, स्वतःचा शब्दसंग्रह आणि स्वतःचे मौन असलेली एक संहिता म्हणून त्याचे वाचन करता येते, असे गृहीत धरले आहे. तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाला हे गृहीतक अपरिचित नाही.

१. स्थळाविषयी थोडेसे

या विवेचनाचे केंद्र म्हणून बंगळुरूचा मल्लेश्वरम हा भाग निवडला आहे. त्यामागे केवळ सोय नाही. येथील काडु मल्लेश्वराच्या देवळाने या वस्तीला नाव दिले. कन्नडमध्ये 'काडु' म्हणजे अरण्य; म्हणजे हा रानातला मल्लेश्वर. देवळाचा संबंध शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजी यांच्याशी जोडला जातो, आणि १६६९ च्या शिलालेखात त्यांनी या देवस्थानाला दिलेल्या दानाची नोंद आहे. शहाजीराजांच्या बंगळुरूच्या दरबारात अनेक भाषांतील कवी होते, याची साक्ष जयराम पिंड्ये यांच्या 'राधामाधवविलासचंपू'त मिळते. वि. का. राजवाडे यांनी हा ग्रंथ विस्तृत प्रस्तावनेसह प्रसिद्ध केला, तेव्हापासून मराठी अभ्यासकांना तो ठाऊक आहे. मराठी, कन्नड आणि संस्कृत यांचा शेजार येथे साडेतीन शतकांहून जुना आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, विशेषतः १८९८ च्या प्लेगनंतर, मल्लेश्वरम आखीव वस्ती म्हणून वाढले आणि नावातले अरण्य नावापुरते उरले. तथापि बंगळुरूचा हत्तींशी असलेला संबंध तुटला नाही. शहराच्या दक्षिणेस बन्नेरघट्ट्याच्या जंगलात आजही रानहत्ती आहेत. मल्लेश्वरमला लागून असलेल्या भारतीय विज्ञान संस्थेत १९८३ मध्ये परिस्थितिविज्ञान केंद्र सुरू झाले. त्याच्या स्थापनेत पुण्याचे माधव गाडगीळ यांचा पुढाकार होता, आणि आशियाई हत्तींच्या आधुनिक अभ्यासाचा एक महत्त्वाचा प्रवाह तेथून निघाला. आणखी एक योगायोग नोंदवण्याजोगा आहे. चंद्रशेखर वेंकट रामन यांचे 'पंचवटी' हे घर मल्लेश्वरममध्येच. प्रकाशाच्या विकिरणासाठी जगप्रसिद्ध असलेल्या या शास्त्रज्ञाने उत्तरायुष्यात मानवी दृष्टी आणि रंगांची जाणीव यांवर काम केले व १९६८ मध्ये त्या विषयावर ग्रंथ प्रसिद्ध केला. रंगाविना पाहणे म्हणजे काय, या प्रश्नाकडे पुढे वळायचे आहे. तेव्हा हा संदर्भ उपयोगी पडेल.

२. वाङ्मयातील यूथपती

संस्कृत-प्राकृत परंपरेत हत्तींचा समूह अगदीच नाही, असे म्हणता येणार नाही. 'यूथ' हा शब्द आहे, हत्तिणीसाठी 'करेणु' आहे, पिल्लासाठी 'कलभ' आहे. 'गाथासप्तशती'त विंध्यातील हत्ती आणि त्याची सहचरी दिसतात. 'कुमारसंभवा'च्या तिसऱ्या सर्गात वसंताच्या आगमनाने मोहित झालेली हत्तीण कमळाच्या परागाने सुगंधित झालेले पाणी आपल्या जोडीदाराला पाजते. 'उत्तररामचरिता'चा तिसरा अंक 'छायांक' म्हणून ओळखला जातो. त्यात सीतेने वाढवलेला कलभ तरुण होऊन आपल्या सहचरीसह जलविहार करताना भेटतो. मात्र या सर्व ठिकाणी रचना दोघांची आहे. प्रियकर आणि प्रिया यांची. हत्ती हे येथे शृंगाराचे किंवा वात्सल्याचे उपमान आहे.

समूहाचे सर्वांत परिचित चित्र भागवताच्या आठव्या स्कंधातील गजेंद्रमोक्षात आहे. गजेंद्र आपल्या करेणु आणि कलभांसह सरोवरात उतरतो, ग्राह त्याचा पाय धरतो, बाकीचे हत्ती त्याला ओढून काढण्याचा प्रयत्न करतात पण असमर्थ ठरतात. या आख्यानात कळप आहे. पण तो परिवार म्हणून आहे. मध्यभागी राजा, भोवती अंतःपुर आणि मुले. यूथपती हा शब्दच पतीभोवती यूथ रचतो. पुराणकाराने दरबाराची रचना जंगलावर आरोपित केली आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

प्रत्यक्षातील रचना याहून वेगळी आहे. कळप हा हत्तिणींचा आणि त्यांच्या पिल्लांचा असतो. त्यात आई, मुली, बहिणी, मावश्या असतात. नर वयात येऊ लागला की, साधारणपणे दहा ते पंधरा वर्षांच्या सुमारास, जन्मकळपापासून दूर होतो. पुढे तो एकटा किंवा इतर नरांच्या सैल सोबतीने राहतो आणि समागमापुरता हत्तिणींच्या समूहात येतो. म्हणजे मराठीत ज्याला आपण सहज 'हत्तींचा कळप' म्हणतो, तो वस्तुतः हत्तिणींचा कळप असतो. कन्नडने यातला एक भेद भाषेत जपला आहे. समूहासाठी 'हिंडु' आणि बलाढ्य नरासाठी, विशेषतः एकट्याने फिरणाऱ्या नरासाठी, 'सलग' हा स्वतंत्र शब्द. जंगल शेजारी असलेल्या भाषेला हा भेद आवश्यक वाटला. मराठीच्या मुलखात गेल्या काही शतकांत रानहत्ती जवळजवळ नव्हते. होते ते राजवाड्यातले आणि देवळातले, साखळदंडाने बांधलेले, एकेकटे. भाषेत एकवचन रुजले ते या अनुभवातून.

३. खेड्यातील छायाचित्र : मालमत्ता म्हणून कळप

कळप प्रथम छायाचित्रात आला तो खेड्याच्या निमित्ताने. म्हैसूर संस्थानात जी. पी. सँडर्सन यांनी १८७३-७४ मध्ये खेडा पद्धतीने हत्ती पकडण्यास आरंभ केला. संपूर्ण कळपाला हाकारून लाकडी कोटात कोंडायचे, मग माणसाळलेल्या कुनकी हत्तींच्या साहाय्याने एकेकाला दोर बांधायचे, अशी ही पद्धत. काकनकोटेचे खेडे पाहण्यासाठी राजपाहुणे येत, आणि त्या प्रसंगांची छायाचित्रे घेतली जात. काकनकोटेचा शेवटचा खेडा १९७१ मध्ये झाला.

या छायाचित्रांत कळप आहे आणि तो भरगच्च आहे. परंतु त्याचे वाचन एकाच दिशेने होते. चौकटीत बहुधा कोट, दोर, कुनकीवर बसलेले माहूत आणि नदीत दाटीने उभे केलेले हत्ती असतात. हा हिशेबाचा कळप आहे. किती सापडले, हा त्याचा प्रश्न आहे. लक्षणीय गोष्ट अशी की, कळपाचे नेतृत्व हत्तीण करते, नर नव्हे, हे सँडर्सन यांनी आपल्या १८७८ च्या ग्रंथात स्पष्टपणे नोंदवले होते. म्हणजे ज्ञान उपलब्ध होते. तरीही वाङ्मयीन प्रतिमा बदलली नाही आणि खेड्याच्या छायाचित्रांतही ते ज्ञान दिसत नाही. कारण कोंडलेल्या, भेदरलेल्या समूहात नात्यांची रचना डोळ्यांना दिसणे कठीण. माहिती असणे आणि प्रतिमा असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे यावरून ध्यानात येते.

४. संडूरचा धागा : कृष्णन आणि घोरपडे

मुक्त कळपाच्या छायाचित्रणाचा भारतीय इतिहास माधवय्या कृष्णन (१९१२–१९९६) यांच्याशिवाय लिहिता येत नाही. त्यांचे वडील अ. माधवय्या हे तमिळ कादंबरीच्या आद्य लेखकांपैकी. 'पद्मावती चरित्रम्' ही त्यांची कादंबरी तमिळ वाङ्मयाच्या इतिहासात महत्त्वाची मानली जाते. कृष्णन स्वतः इंग्रजी आणि तमिळ या दोन्ही भाषांत लिहीत. 'द स्टेट्समन' या दैनिकातील त्यांचे निसर्गविषयक सदर १९५० पासून मृत्यूपर्यंत चालू होते. त्यांच्या छायाचित्रांना वाङ्मयीन गद्याचे शेजारपण जन्मतःच लाभले होते, ही गोष्ट तौलनिक अभ्यासाच्या दृष्टीने दुर्लक्षिण्याजोगी नाही.

मराठी वाचकासाठी या चरित्रातला एक तपशील विशेष महत्त्वाचा आहे. १९४२ ते १९४९ या काळात कृष्णन संडूर संस्थानच्या सेवेत होते. शिक्षक, न्यायाधीश, प्रसिद्धी अधिकारी, राजकीय सचिव अशी विविध कामे त्यांनी तेथे केली. संडूर हे आजच्या बळ्ळारी जिल्ह्यातील घोरपडे घराण्याचे मराठा संस्थान. याच घराण्यातील मुरारीराव यशवंतराव घोरपडे (१९३१–२०११) पुढे कर्नाटकाच्या राजकारणात आले, १९७० च्या दशकात राज्याचे अर्थमंत्री झाले, आणि त्याच वेळी कृष्णधवल वन्यजीव छायाचित्रकार म्हणून त्यांनी नाव मिळवले. त्यांचे 'सनलाइट अँड शॅडोज' हे छायाचित्रकाराच्या रोजनिशीच्या स्वरूपातील पुस्तक १९८३ मध्ये प्रसिद्ध झाले. ऊन आणि सावल्या असे शीर्षक घेणे हीच रंगाविषयीची एक भूमिका म्हणता येईल. तमिळ कादंबरीकाराचा मुलगा आणि मराठा संस्थानिकाचा मुलगा यांना जोडणारे हे संडूर आज कर्नाटकात आहे. या परंपरेला एकभाषिक चौकटीत बसवता येणार नाही.

कृष्णन यांनी आपला कॅमेरा निरनिराळ्या कॅमेऱ्यांचे आणि भिंगांचे भाग जोडून स्वतः तयार केला होता. त्या अवजड यंत्राला ते विनोदाने 'सुपर पाँडेरोसा' म्हणत. पायी किंवा माणसाळलेल्या हत्तीच्या पाठीवरून ते जंगलात फिरत. हत्तीवर बसलेल्या माणसाची रानहत्तींना सहसा तितकी धास्ती वाटत नाही, त्यामुळे कळपाजवळ जाता येई. जवाहरलाल नेहरू शिष्यवृत्तीच्या काळात त्यांनी केलेला सस्तन प्राण्यांचा अभ्यास बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९७५ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. त्यांच्या मृत्यूनंतर, २००६ मध्ये, 'आय इन द जंगल' हा छायाचित्रे आणि लेखन यांचा संग्रह निघाला. त्याच्या संपादकांत बंगळुरूचे ज्येष्ठ छायाचित्रकार टी. एन. ए. पेरुमाळ (१९३२–२०१७) होते. अशा रीतीने मद्रासमधील संग्रह बंगळुरूच्या जाणकार हातांतून वाचकांपर्यंत आला.

५. रंगाविना व्याकरण

कृष्णधवल फिल्म वापरण्यामागे त्या काळी व्यावहारिक कारणे होती, हे प्रथम मान्य केले पाहिजे. रंगीत फिल्म महाग, तिची संवेदनक्षमता कमी आणि तिच्यावरील प्रक्रिया परस्वाधीन. कृष्णधवल निगेटिव्ह घरच्या अंधारखोलीत धुता येई, आणि छपाईच्या वेळी उजेड-अंधार हवा तसा सावरता येई. उदकमंडलम् येथील हिंदुस्थान फोटो फिल्म्स या सार्वजनिक उद्योगाची 'इंदू' ही फिल्म तर मुदुमलैच्या हत्तींच्या वरच्या अंगाला, निलगिरीच्या माथ्यावरच तयार होत असे. परंतु व्यावहारिक कारणांतून निर्माण झालेली मर्यादा पुढे रूढी होते आणि रूढीतून अर्थ निर्माण होतो. छंदोबद्ध काव्याच्या बाबतीत हे आपण जाणतो.

या व्याकरणाची तीन लक्षणे येथे सांगता येतील.

पहिले लक्षण पोताचे. हत्तीचा रंग बहुधा त्याचा स्वतःचा नसतो. तो ज्या मातीत लोळला त्या मातीचा असतो. रंगीत छायाचित्रात तांबडा हत्ती प्रथम मातीविषयी सांगतो. रंग काढून घेतला की, त्वचेच्या सुरकुत्या, कानांच्या कडा, पाण्याने भिजलेला खालचा भाग आणि कोरडी पाठ यांमधील सीमारेषा पुढे येतात. वयाच्या खुणा याच आहेत. आशियाई हत्तीच्या कानाची वरची कड वयानुसार दुमडत जाते, आणि सोंडेवरील व कानांवरील रंगद्रव्य कमी होऊन फिकट डाग वाढतात. करड्या छटांच्या क्रमात या खुणा अधिक स्पष्ट वाचता येतात.

दुसरे लक्षण प्रमाणाचे. समान करड्या रंगाची शरीरे शेजारी आली की, डोळा त्यांची तुलना उंचीने करतो. सर्वांत मोठी हत्तीण, तिच्या खांद्याशी पोचणारी दुसरी, तिच्या पोटाखाली मावणारे वर्षभराचे पिल्लू अशी वयाची उतरंड एका नजरेत येते. पिल्लू कोणाच्या सावलीत आहे, सोंडेचे टोक कोणाच्या तोंडाशी गेले आहे, धोक्याच्या क्षणी कोणती तोंडे बाहेर वळली आहेत आणि कोण आत घेतले गेले आहे, या गोष्टी म्हणजे या चित्राची विभक्ती आणि अन्वय होत. कर्ता कोण, कर्म कोण, संबंध कोणाचा, हे शरीरांच्या मांडणीवरून कळते. यूथपतीला येथे जागाच उरत नाही. सुळे असलेला नर चौकटीत असला तरी तो कडेला, पाहुण्यासारखा.

तिसरे लक्षण अडचणीतून आलेले आहे. हिरवी पाने आणि करडी त्वचा या दोहोंची कृष्णधवल फिल्मवर जवळजवळ सारखीच छटा उमटते. रंगीत चित्रात झाडीतून सहज उठून दिसणारा हत्ती येथे झाडीत विरघळतो. त्यामुळे छायाचित्रकाराला मागून येणारा प्रकाश, उडणारी धूळ, पाण्याचा चकाकता पृष्ठभाग यांची वाट पाहावी लागते. कळप दिसतो तो जेव्हा त्याच्या कडा उजळतात तेव्हा. पाहणाऱ्यालाही मग आकृती शोधावी लागते. चार पाय मोजून सोंडा मोजाव्या लागतात आणि झाडाच्या बुंध्यामागून एक पिल्लू सावकाश बाहेर येते. हे शोधणे जंगलात हत्ती पाहण्याच्या अनुभवाशी जुळणारे आहे.

येथे रामन यांच्या विषयाकडे पुन्हा वळता येईल. मंद प्रकाशात मानवी डोळा रंग ओळखू शकत नाही. आकार आणि उजेडाची मात्रा तेवढी कळते. हत्ती पाण्यावर येतात ते पुष्कळदा संध्याकाळी. झाकोळलेल्या वेळी पाहिलेला कळप पाहणाऱ्याच्या डोळ्यांना खरोखरच कृष्णधवल असतो. तेव्हा रंगाचा अभाव म्हणजे वास्तवाचा अभाव, हा आक्षेप निदान या विषयापुरता टिकत नाही. मराठीने या कलेला दोन शब्द दिले आहेत : प्रकाशचित्र आणि छायाचित्र. 'फोटोग्राफ' या शब्दात प्रकाश आहे. 'छायाचित्र' या शब्दात सावली आहे. रूढ झाला तो सावलीचा शब्द, आणि तो या चित्रांना अधिक शोभतो.

६. शास्त्रज्ञाचे वाचन

कळपाचे छायाचित्र नोंद म्हणूनही वाचता येते. माधव गाडगीळ आणि पी. विजयकुमारन नायर यांनी कर्नाटकातील हत्तींची स्थिती आणि माणसाळलेल्या पण मोकळ्या चरणाऱ्या हत्तींचे सामाजिक वर्तन यांवर संशोधन केले. रामन सुकुमार यांनी १९८० च्या दशकाच्या आरंभी चामराजनगर आणि सत्यमंगलम परिसरात क्षेत्रकार्य केले. त्यांचा शास्त्रीय ग्रंथ १९८९ मध्ये आणि सर्वसामान्य वाचकासाठीचे अनुभवकथन १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले. छायाचित्रावरून हत्तीची उंची काढून वयाचा अंदाज बांधणे, कानांच्या आकारावरून व फाटलेल्या कडांवरून व्यक्ती ओळखणे, या पद्धतींमुळे छायाचित्राला पुराव्याचा दर्जा मिळाला. पूर्व आफ्रिकेत इयान डग्लस-हॅमिल्टन यांनी १९६० च्या दशकात आणि सिंथिया मॉस यांनी १९७० च्या दशकापासून याच मार्गाने कुटुंबांचे इतिहास उभे केले.

मात्र याच पुराव्याने पुढे एक महत्त्वाची दुरुस्ती सुचवली, आणि साहित्याच्या अभ्यासकाने ती विशेष लक्षात घ्यावी. आफ्रिकेतील अभ्यासातून 'वडीलधारी हत्तीण आणि तिचे स्थिर कुटुंब' ही प्रतिमा जगभर पसरली. बंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रातील टी. एन. सी. विद्या आणि त्यांचे सहकारी २००९ पासून काबिनी परिसरात व्यक्तिशः ओळखलेल्या हत्तींचा अभ्यास करीत आले आहेत. खेड्यांचे काकनकोटे जेथे होते, तेथेच आता काबिनीचा जलाशय आहे. उन्हाळ्यात पाणी ओसरले की, उघड्या पडलेल्या काठावर हिरवे गवत उगवते आणि हत्ती मोठ्या संख्येने जमतात. या अभ्यासातून असे दिसले की, आशियाई हत्तिणींचे गट सैल असतात. एका व्यापक कुळातील हत्तिणी आज या गटात तर उद्या त्या गटात दिसतात. एकावेळी एकत्र दिसणारा समूह कुळाचा एक तुकडा असतो.

याचा अर्थ असा की, छायाचित्रकाराने ज्याला 'कुटुंब' म्हणून चौकटीत घेतले, ते बहुतेक वेळा कुटुंबाचा अंश असते. चौकटीच्या बाहेर, कदाचित दोन मैलांवर, त्याच कुळातली बहीण चरत असते. गजेंद्राभोवती अंतःपुर रचणाऱ्या पुराणकाराची रूढी आपण ओळखली. मग मातेभोवती आटोपशीर घर रचणाऱ्या छायाचित्रकाराचीही रूढी ओळखली पाहिजे. एका काळाने हत्तीत राजा पाहिला, दुसऱ्याने आई पाहिली. दोन्ही वेळा पाहणाऱ्याने आपल्या समाजातली आदर्श रचना उसनी दिली. फरक एवढाच की, छायाचित्राच्या संहितेत स्वतःला तपासण्याची सोय आहे. फाटलेला कान दुसऱ्या चित्रात पुन्हा दिसतो आणि वाचन बदलावे लागते.

७. चौकटीबाहेरचे

या परंपरेची एक मोठी मर्यादा माणसाच्या अनुपस्थितीची आहे. आंतरराष्ट्रीय छायाचित्र-प्रदर्शनांच्या 'निसर्ग' विभागाची व्याख्या मानवी खुणा शक्यतो वर्ज्य मानते. बंगळुरूतील छायाचित्रकारांच्या संस्था याच प्रदर्शनसंस्कृतीत वाढल्या. १९७१ मध्ये स्थापन झालेली यूथ फोटोग्राफिक सोसायटी ही त्यांपैकी एक. त्यामुळे कळपाच्या उत्कृष्ट चित्रात कुंपण नसते, रस्ता नसतो, नाचणीचे शेत नसते, रात्री मचाणावर जागणारा शेतकरी नसतो. खेड्याच्या चित्रात माणूस फार होता. येथे तो मुळीच नाही. दोन्ही टोकांना हत्ती आणि माणूस यांच्या सहवासाचा प्रश्न सुटून जातो. कृष्णधवल छटेमुळे या अनुपस्थितीला कालातीततेची झाक येते, आणि वर्तमानातला प्राणी स्मृतीतला वाटू लागतो.

याच गुणाचा जाणीवपूर्वक वापर पाश्चात्त्य छायाचित्रकारांनी केला. पीटर बिअर्ड यांचे 'द एंड ऑफ द गेम' (१९६५) हे पुस्तक आफ्रिकेतील वन्यजीवनाच्या अस्ताचा शोकलेखच आहे. निक ब्रँट यांनी २००० नंतर अंबोसेलीतील हत्तींची कृष्णधवल चित्रे दूरपल्ल्याचे भिंग न वापरता, जवळ जाऊन, व्यक्तिचित्रासारखी घेतली. त्यांनी २००७ मध्ये टिपलेला, पाणी पिणारा एक प्रचंड नर २००९ मध्ये शिकाऱ्यांनी मारला. पुढच्याच वर्षी ब्रँट यांनी संरक्षणाच्या कामासाठी एक संस्था सहसंस्थापित केली. येथे कृष्णधवल चित्र विलापिकेचे कार्य करते. कृष्णन यांची वृत्ती याहून भिन्न आहे; नैसर्गिक परिसरातील प्राण्याचे निरीक्षण हा तिचा गाभा आहे. एकच तंत्र दोन भिन्न वाङ्मयप्रकारांची कामे करते, ही बाब प्रकारविचाराच्या दृष्टीने उद्बोधक आहे.

आता डिजिटल कॅमेऱ्यात बहुतेक चित्रे मुळात रंगीत असतात आणि रंग नंतर काढून टाकला जातो. जे बंधन होते ते अलंकार झाले आहे. म्हणून आजच्या कृष्णधवल चित्राला एक प्रश्न विचारला पाहिजे. रंग काढल्याने कळपातील कोणता संबंध अधिक स्पष्ट झाला? उत्तर नसेल, तर ते चित्र जुन्या छंदाची केवळ नक्कल ठरेल.

८. मराठीपुढील प्रश्न

हा सारा विचार मराठीच्या अभ्यासकाने का करावा? कारण मराठी मुलखाचे एकवचन संपले आहे. २००२ मध्ये कर्नाटकातून रानहत्ती सिंधुदुर्गातील दोडामार्ग परिसरात उतरले. पुढे कोल्हापूर जिल्ह्यातील चंदगड आणि आजरा या तालुक्यांतही त्यांचा वावर सुरू झाला. माड, पोफळी, केळी आणि भात यांचे नुकसान होऊ लागले. ज्या भाषेत हत्ती म्हणजे वैभव किंवा देवाचे मुख, त्या भाषेला अचानक शेतात शिरलेल्या प्राण्याविषयी बोलावे लागले. बातम्यांतून 'टस्कर' हा शब्द आला, आणि 'हत्तींचा कळप' ही जुनी शब्दयोजना नव्याने वापरात आली.

तथापि आलेला प्राणी एकटा नर आहे, की पिल्लासह असलेली हत्तीण आहे, की मोठ्या कुळापासून तुटलेला लहान गट आहे, यावर त्याचे वागणे आणि माणसाने घ्यावयाची काळजी अवलंबून असते. 'हत्ती आले' एवढ्याने हे कळत नाही. पिल्लू मध्ये घेऊन उभी असलेली हत्तीण मागे हटत नाही, याला काहीजण 'पिसाळलेला हत्ती' म्हणतात. तेथे लिंग चुकते, वचन चुकते आणि अर्थही चुकतो. शेतकऱ्याची हानी खरी आहे, तिची भरपाई हा शासनाचा विषय आहे, आणि छायाचित्र पाहून ती भरून निघणार नाही. परंतु ज्याच्याशी सामना आहे त्याला नेमके नाव देणे हे भाषेचे काम आहे. हत्तीण, हत्तिणी, पिल्लू, वयात आलेला नर, सुळे नसलेला मखना हे शब्द मराठीत आहेत. त्यांचा अचूक वापर करण्याची सवय मात्र लावून घ्यावी लागेल.

कृष्णधवल छायाचित्रांनी दिलेला धडा हा आहे. त्यांनी गजराजाची भव्यता कमी केली नाही. तिच्याभोवतीचे संबंध दाखवले. आणि छायाचित्रांच्याही चौकटीपलीकडे कळपाचा विस्तार आहे, हे त्यांच्याच पुराव्यावरून पुढील अभ्यासकांनी दाखवून दिले. वाङ्मयीन प्रतिमा, छायाचित्र आणि क्षेत्रनोंद या तीन संहिता शेजारी ठेवून वाचल्या, तरच हत्तीचे अनेकवचन मराठीत अर्थपूर्ण होईल. संडूर, बंगळुरू आणि दोडामार्ग ही तिन्ही ठिकाणे मराठी आणि कन्नड यांच्या सीमेवर किंवा सरमिसळीत आहेत, हे पाहता असे वाचन एका भाषेच्या आत राहून होणार नाही, हे वेगळे सांगावयास नको.